पाठीवर पडलेली मांजर

माझे वडील, आबा, गेल्यापासून घर फार शांत आहे. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला आधी मांजर आठवते आणि नंतर दुःख.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या कोल्हापूरच्या घरी एक करडी मांजर आपणहून येऊन राहिली. आबांवर तिचा जीव. ते घराच्या पुढच्या सोप्यात बसले की ती समोर येऊन लोळायची आणि चारी पाय वर करून पडून राहायची. आबा तरुणपणी कुस्ती खेळलेले. पाठ टेकली की कुस्ती संपली, आणि पडलेल्याला हात देऊन उठवायचं, ही तालमीची रीत. ते वाकून तिला उठवायला पोटाला हात घालायचे आणि ती मनगट धरून कचकन चावायची.

"हरल्यावर कोण चावतंय व्हय गं?" आबा तिलाच विचारायचे.

आई मात्र वैतागली होती. "अवं, सारखं आयोडीन लावत बसायला मी रिकामी न्हाय. आता एकदा जरी चावली, तर बिद्रीला भावाकडं सोडून येणार तिला."

आबा त्या दिवशी पेपर उलटा धरून बसले.

मी पायरीवर पुस्तक घेऊन बसायची, पण लक्ष मांजरीकडेच असायचं. हात पोटाला लागला की तिच्या शेपटीचं टोक फरशीवर आपटू लागे, कान मागे जात, आणि मगच ती चावे. मी आबांना हे सांगितलं.

"म्हंजे ती हरून पडलेली नसती?"

"न्हाय आबा. तुमच्यापुढं निर्धास्त हाय, एवढंच दाखवती."

त्यांनी मनगटावरच्या चाव्यांवरून अंगठा फिरवला. "मग मी हात कुठं ठेवू?"

"तुमच्याच मांडीखाली."

रविवारी ती पुन्हा समोर पडली. आई दारात उभी राहून बघत होती. आबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मांजरीने त्यांच्याकडे पाहत डोळे सावकाश मिटले, उघडले. मग ती उठली, त्यांच्या गुडघ्याला गाल घासला, मांडीवर चढली आणि धोतर पुढच्या पायांनी कणकेसारखं मळत घुरघुरू लागली. थोड्या वेळात तिथेच झोपलीही.

"जेवायला चला," आई म्हणाली.

"हितंच आण की," आबा कुजबुजले. गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

आई ताट घेऊन आली. भाकरी तिनेच आमटीत कुस्करून दिली, आणि गरम थेंब मांजरीवर सांडू नये म्हणून आपला पदर तिच्या अंगावर धरून बसली.