राजेश नसलेली कॅसेट

चेकिंग रूममध्ये सहा बायका हेडफोन लावून बसल्या होत्या आणि मधूनच त्यांतली एखादी ओरडत होती, “दामूला!” मग दुसरी, “काशिनाथला!” मग सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मॅनेजरसाहेब दारात येऊन उभे राहिले. “हे काय चाललंय? फॅक्टरी आहे की मासळीबाजार?”

“टेस्ट कॉपी चेक करतायत, सर,” मी म्हणालो.

“मग ओरडतात कशाला?”

“गाणंच तसं आहे.”

उत्तर त्यांना पटलं नाही. माझी उत्तरं त्यांना सहसा पटत नसत. त्यांच्याकडे मॅनेजमेंटचा डिप्लोमा होता आणि माझ्याकडे नुसती फिजिक्सची बी.एस्सी. नुसती म्हणतोय खरा, पण ऐरोली गावात आमच्या आळीतली ती पहिली बी.एस्सी. होती. मिठागरात राबलेल्या माणसाचा मुलगा क्यू.सी. इन्चार्ज झाला होता. क्यू.सी. म्हणजे माल बाहेर जायच्या आधी त्यातली खोट शोधायची.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचा कॅसेटचा कारखाना पावणे गावात, एमआयडीसीत. काम सोपं. स्टुडिओतून गाण्यांची एक मास्टर टेप यायची. ती मोठ्या मशीनवर भरधाव पळवायची, की जोडलेल्या मशीनींवर तिच्या कॉप्या निघायच्या. कॉपीत मध्येच आवाज गेला तर त्याला ड्रॉपआउट म्हणायचं. ड्रॉपआउट दिसला की माल रिजेक्ट.

आणि या मास्टरवर, पहिल्याच गाण्यात, दर कडव्याला चार सेकंद काही म्हणजे काही नव्हतं. ढोलकी नाही, पेटी नाही, बाईचा आवाजही नाही.

बाई म्हणजे पारूबाय. तिची आई धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या जोडीला, कधी भटजीच्या ऐवजी, गाणी म्हणून लग्न लावते ती धवलारीण. पारूबाय त्याच्या पुढे गेली. हळदीची गाणी स्वतः रचायला लागली, मांडवामांडवांत गायली, तिच्या दोन रेकॉर्डीही निघाल्या. पारूबाय आल्याशिवाय हळद चढत नाही, असं लोक म्हणायचे. मग शहर आलं. जमिनी गेल्या, मुलगे कॉन्ट्रॅक्टर झाले, बंगल्याला संगमरवर लागला. बंगल्यातल्या बाईने लोकांच्या मांडवात गायचं म्हणजे काय, असं मुलांना वाटू लागलं. कालपर्यंत याच गाण्यांवर घरात भात शिजत होता, ते संगमरवराखाली गेलं. पारूबाय कितीतरी वर्षं गप्प बसली.

मग नातीच्या हळदीला मुलांनी ऑर्केस्ट्रा आणला. चमकीचा कोट घातलेला गायक इंग्रजी शब्द मारत नवरीभोवती नाचला. पारूबाय तिथेच उठली आणि म्हणाली, “मी कॅसेट काढते.” थोरल्याने अट घातली, “एकच. ती पडली तं परत गान्याचा नाव नाय काढायचा.”

ती एक म्हणजे आमच्या मशीनवर असलेली ही.

गाणं असं होतं: “हलद लावू गो कोनाचे अंगाला, कोनाचे अंगाला?” आणि तिथे पारूबाय थांबते. त्या जागेत मांडवातल्या बायकांनी त्यांच्या नवरदेवाचं नाव घ्यायचं. मग ती पुढचं कडवं उचलते. मांडवात ती समोर असायची, नाव ऐकून पुढे जायची. कॅसेटमध्ये तिला समोरचा मांडव दिसणार नव्हता, म्हणून तिने जागा सोडली होती. आमच्या चेकिंगच्या बायका पावणे, घणसोली, दिघ्याच्या. गाण्यात प्रश्न आला, त्यांनी उत्तर दिलं. एवढंच झालं होतं.

हे सगळं मी शेठच्या केबिनमध्ये समजावून सांगितलं.

शेठ म्हणाले, “अरे बाबा, रिकामी टेप कोण घेणार? गिऱ्हाईक बोलेल माल फॉल्टी है.”

“गॅप फिल करू, सर,” मॅनेजरसाहेब म्हणाले.

“कोणाच्या नावाने?” मी विचारलं.

मॅनेजरसाहेबांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर शेठच्या मुलाचा लग्नाचा फोटो होता, हार अजून ताजा. “राजेश,” ते म्हणाले. “युनिव्हर्सल नाव आहे.”

शेठ लाजले. मोठा माणूस लाजतो तेव्हा निर्णय झालेला असतो.

“पण सर, लग्न राजेशचं नसणार,” मी म्हणालो.

“तुम्ही खोट शोधा. आर्ट आम्ही बघतो.”

पारूबायला कोणी विचारलं नाही. स्टुडिओतल्या एका कोरसच्या मुलीकडून “राजेशला!” म्हणून घेतलं. नुसतं नाव कोरडं वाटतं म्हणून त्यावर एको टाकला: राजेशला... जेशला... शला. नवा मास्टर आला. जुना पुसून टाकायचा हुकूम झाला. टेप पुसायला एक मोठं चुंबक असतं, त्यावर फिरवली की वर्षांची मेहनत एका चहाच्या वेळात साफ. मी टेप चुंबकावर नेली नाही. तिच्यावर ‘डिफेक्टिव्ह’ अशी चिठ्ठी लावली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. डिफेक्टिव्ह मालाला आमच्याकडे कोणी हात लावत नसे.

राजेशवाल्या मालात मात्र एकही ड्रॉपआउट नव्हता. माझ्या नोकरीत इतका निर्दोष माल मी कधी पास केला नव्हता.

लग्नसराई सुरू झाली. करंजाड्याला नवरदेव दामोदर, पाटावर बसलेला, अंगभर हळद. लाउडस्पीकरवर पारूबायने विचारलं, कोनाचे अंगाला? बायकांनी तोंड उघडायच्या आत वरून आवाज आला, राजेशला! जेशला! शला! नवऱ्याच्या आजीने मशीन बंद करवलं. “यो राजेश कोन रं?” दुसऱ्या एका गावात खरोखरचा राजेश निघाला. त्या लग्नातल्या नवरीशीच त्याची सोयरीक जुळून मोडली होती. बिचारा जेवायला आला होता. त्याला ताटावरून उठवलं, आणि वरपक्षाने नवरीच्या मामाला बाजूला घेऊन तासभर चौकशी केली.

दुकानदार खोकी परत पाठवायला लागले. थोरला आईला म्हणाला, “सांगितलेला ना? झाला समाधान?”

दुसऱ्या दिवशी पारूबाय फॅक्टरीत आली. नऊवारी लुगडं, गळ्यात किलोभर वाटावं इतकं सोनं. थेट केबिनमध्ये. परत आलेल्या मालाचा हिशेब घेऊन मी आणि मॅनेजरसाहेब तिथेच होतो.

“शेठ कोन?”

“मी. बसा ना, आजी.”

“आजी तुजे घरी. यो राजेश कोन?”

शेठने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरसाहेब पुढे झाले. “मॅडम, ते एक टेक्निकल...”

“टेक्निकल हाय? मंग त्याला हलद कशाला लावता?”

मी खिडकीकडे तोंड केलं. हसू आलं की नोकरी जाते.

शेठ हळूच म्हणाले, “माझा मुलगा आहे, बाई.”

“लगीन झाला त्याचा?”

“झालं. मोठं झालं.”

“झाला ना? आनि मी त्याला गावोगाव परत परत हलद लावते! त्याचे बायकोला इचारलास?”

शेठ भिंतीवरच्या फोटोकडे बघू लागले. तिनेही फोटोकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “तिथं मी थांबली होती, शेठ. बायांनी बोलावा म्हनून. मना गप बसवायला घरात माजे तीन पोरगे हायत. तू चौथा नको होऊस.”

“पण बाई, ओरिजिनल मास्टर तर पुसला,” शेठ म्हणाले.

“नाही पुसला,” मी म्हणालो. “डिफेक्टिव्हमध्ये आहे.”

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता मीच डिफेक्टिव्हमध्ये जाणार. पण गोडाऊन परत आलेल्या खोक्यांनी भरलेलं होतं, आणि शेठना ते काचेतून दिसत होतं. ते म्हणाले, “चालव.”

चालवला. क्यू.सी.च्या फळ्यावर मी खडूने लिहिलं: ‘पारूबाय, साइड ए, शांतता पास.’

माल खपला, आणि जोरात खपला. पण मजा पुढे आहे. पायरसीवाल्यांनी पहिला, राजेशवाला मालच कॉपी करून बाजारात ओतला होता. त्यामुळे गिऱ्हाईक दुकानात आधी कॅसेट वाजवून बघायचं. राजेश बोलला की नकली, कोणी बोललं नाही की असली. बाकी कंपन्या चमकत्या स्टिकरांवर खर्च करत होत्या. आमचं काम फुकटात झालं. त्या वर्षीच्या मीटिंगमध्ये मॅनेजरसाहेबांनी ही आपली स्ट्रॅटेजी होती असं सांगितलं आणि त्यांना बढती मिळाली.

पारूबाय परत मांडवात गायला लागली. थोरला तिला स्वतःच्या गाडीतून सोडायला जायचा आणि पुढच्या रांगेत बसून, ही माझी आय, म्हणून शेजाऱ्याला सांगायचा.

दोन वर्षांनी माझी हळद झाली. पारूबायला तारीख नव्हती, म्हणून कॅसेट लावली. कोनाचे अंगाला, कोनाचे अंगाला? आमची आई सगळ्या बायकांच्या आधी ओरडली, “आमचे बीएशीला!”

डिग्रीचा कागद कपाटात आहे, तो कोणी वाचत नाही. गावाला डिग्री कळली ती त्या चार सेकंदांत, ज्यांना शेठ रिकामी टेप म्हणाले होते.