दहा मिनिटं जास्त

पेणच्या स्कॅन सेंटरमधला तो तंत्रज्ञ माणसाकडे बघून कधी बोलतच नसे. नजर सतत मॉनिटरवर. लकवा झालेल्या आईला मी रोह्याहून तिसऱ्यांदा नेलं, तेव्हाही त्याने तिला मशीनमध्ये दहा मिनिटं जास्त ठेवलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. तिला व्हीलचेअरवर बाहेर त्याच्या मॉनिटरपाशी आणल्यावर मी विचारलं, "डॉक्टरांनी एवढं लिहिलंय?"

"नाय. मेंदूचा अधू भाग ऑक्सिजन किती वापरतो, ते मोजतोय. माझ्या अभ्यासासाठी."

"आम्हाला न विचारता?"

त्याने पहिल्यांदाच मान वळवली, पण आईकडे. "आजी, चुकलं माझं."

आई अडखळत म्हणाली, "मोज. पन काय दिसतं, ते आधी मला दाखव."

त्याने मॉनिटर तिच्याकडे फिरवला. माझा संशय गेला नव्हता, तरी मी बाजूला झालो.