सहाशे ग्रॅम ओव्हरलोड

ताटात मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या पडल्या, तेव्हाच मला घाम फुटला. काल्हेरला ट्रान्सपोर्टवाल्या बबनशेठच्या घरी आम्ही मदत मागायला गेलो होतो. मी ज्युदोचा कोच. सोबत माझी खेळाडू सायली, वळ गावची. परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी तिची भारतीय संघात निवड झाली होती. पत्रात अभिनंदन होतं आणि खाली एक शब्द, 'स्वखर्चाने'. तिचे वडील गोडाऊनमध्ये सुपरवायझर. शनिवारपर्यंत तिकीट निघालं नाही, तर तिची जागा दुसरीला जाणार होती.

आधी तीन ऑफिसांत फाइल फिरवली होती. तिन्हीकडे शाल मिळाली.

सायलीने ताट हळूच बाजूला सारलं आणि कोमट पाणी मागितलं. शेठचा चेहरा उतरला.

"आमचं जेवान चालत न्हाय, मंग पैसं कशे चालतील?"

मी घाईघाईने समजावलं. ज्युदोत वजनगट असतात. सायलीचा सत्तावन्न किलोपर्यंतचा. लढतीच्या आदल्या दिवशी वेट-इन, म्हणजे अधिकृत वजन. शंभर ग्रॅम जास्त भरलं तरी बाद.

"येवढंच ना?" शेठ हसले. "आमच्या गाड्या पन ओव्हरलोड जातात. दंड भरतो. हिचा पन भरू. पोरी, तू जेव."

इतकी वर्षं कोचिंग करतोय, हा तोडगा कुणी सुचवला नव्हता.

"शेठ, तिथे दंड घेऊन गाडी सोडत नाहीत. नाक्यावरूनच परत पाठवतात."

"माल खाली न करता?"

"न करता."

"म्हंजे भाडं पन गेलं!"

हे दुःख त्यांना कळलं. ते उठले, आम्हाला शेजारच्या गोडाऊनमध्ये नेलं आणि सायलीला पार्सलच्या काट्यावर उभं केलं. सत्तावन्न किलो सहाशे.

"सहाशे ग्रॅम ओव्हरलोड!" शेठ ओरडले, आणि तिथूनच मुलाला फोन करून तिकीट काढायला सांगितलं. अट एकच, जाईपर्यंत रोज सकाळी काटा इथेच करायचा. तिकीटही एकच, फक्त सायलीचं. घरी परतून सायलीचं ताट मी संपवलं. शेठच्या पत्नीचा, वहिनींचा, मान कुणीतरी राखायला हवा होता.

पंधरा दिवसांनी तिकडून सायलीचा फोन आला, "सर, छप्पन नऊशे!" मी शेठना कळवलं. त्यांनी त्याच संध्याकाळी नाक्यावर अभिनंदनाचा बॅनर लावला. लढत दुसऱ्या दिवशी होती.

सायली पहिल्याच फेरीत हरली. मला फार वाईट वाटलं, आणि त्या बॅनरखालून जायची लाजही वाटली.

ती परत आल्यावर आम्ही दोघं मान खाली घालून शेठकडे गेलो.

"बॅनर उतरवून घ्या," मी म्हटलं.

"कश्याला? पोरगी वजनात पोचली ना?" शेठ म्हणाले. "नव्या रूटची पयली ट्रिप कधी फायद्यात जाते काय? पुढची तारीख सांगा."

वहिनींनी ताट आणलं. सायलीने डोळे पुसत तीन भाकऱ्या खाल्ल्या.

मदतीच्या जुन्या अर्जांत मी देश, तिरंगा, नारीशक्ती, सगळं लिहिलं होतं. हल्ली फक्त रूट आणि वजन लिहितो.