नत्थूभाऊच्या खानावळीतली सासू

एक होता डोमा, एक होती त्याची बायको पार्वता, त्यांना तीन लेकरं, आणि राहत होते ते भंडाऱ्याजवळच्या शहापुरात. आता डोमा म्हणजे आमचे हे, आणि पार्वता म्हणजे मीच. म्हणून ही गोष्ट खोटी आहे असं म्हणायची मला सोय नाही.

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं वेंधळं असावं, पण किती? एका दुपारी माझ्या एकटीच्या वेंधळेपणानं कचेरीतले बाबू, शाळेतले गुरुजी आणि एस.टी.चा ड्रायव्हर अशी सगळी मोठमोठी माणसं राखेत हात घालून बसली होती. चहा घ्या, सांगते.

तेव्हा मी भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला जायची. दुकानाच्या मागं पडवी होती. तिथं आम्ही चौघी बाया चिंच आणि राख लावून पाण्याचे हंडे-गुंड, परातीसारखे पसरट कोपर असे घासायचो, की त्यात पाहून कुंकू लावावं! शेठजी चष्मा कपाळावर सरकवून एकेक भांडं उजेडात धरायचे आणि दिवसातून पन्नास वेळा एकच बोलायचे, "पार्वताबाई, काठ राहिला."

आमचे हे तेव्हा पाय मोडून खाटेवर पडले होते. चूल पेटायची ती माझ्या कामावर.

त्या दिवशी लग्नाची मोठी ऑर्डर होती. संध्याकाळी भांडी न्यायला गाडी येणार. शेठजींनी सकाळीच बजावलं, "जेवाले जा, पण दोनाले जागेवर दिसली नाहीस, तं उद्यापासून येऊ नको."

मी म्हटलं, "हो जी." जेवायला जायला किती वेळ लागतो? डबा तर सोबतच असायचा.

पण डबा कुठं होता? मी उतरले शहरात, आणि डबा बसमध्ये बसून निघून गेला साकोलीकडे! पिशवी चाचपली, पुन्हा चाचपली. पोटात कावळे ओरडून राहिलेले. बाजूच्या गल्लीत नत्थूभाऊ नावाच्या माणसाची खानावळ होती. उभ्या जन्मात मी खानावळीची पायरी चढले नव्हते. पण भूक काय विचारते? गेले.

दारातच मालक भेटला. पंचविशीचा पोरगा, कमरेला दुपट्टा बांधलेला, हातात वरणाची बादली. मला पाहून त्याचा चेहरा असा फुलला!

"आल्या का वो बाई! किती वाट पाहाची तुमची? जा, आधी मागं जा. मंग पोटभर जेवा."

पाहा बरं, किती अगत्य! मला कुठं ठाऊक, की त्याची भांडेवाली त्या दिवशी आली नव्हती आणि तिनं दुसरी बाई पाठवते असा निरोप धाडला होता?

मागं गेले. नळ, हौद, राखेचं टोपलं, नारळाच्या शेंड्या आणि उष्ट्या ताटांचा हा एवढा ढीग. मी मनात म्हटलं, शहरातली रीत दिसते. आपलं ताट आपण घासून घ्यायचं, मग जेवायचं. आणि मला ते पटलंही! माझ्या मायनं लहानपणी शिकवलेलं, की आपलं उष्टं परक्यापुढं टाकून उठू नये.

एक ताट घेतलं, चकचकीत केलं आणि आत आले.

नत्थूभाऊ ताटाकडे पाहून म्हणाला, "एकच?"

"एकटीच आली ना जी मी. एकीले किती ताटं लागतात?"

"अन् बाकीचे कोण घासन?"

"ज्याचं त्यानं घासावं! हात नाहीत का लोकाईले?"

त्यानं कपाळाला हात लावला. तो काही बोलणार, तेवढ्यात आतून भाजी करपल्याचा वास आला. माझ्या ताटात भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी घाईघाईनं वाढून तो चुलीकडे पळाला. पोळ्या लाटायलाही तोच, बिचारा!

मी जेवायला बसले. समोरचे एक कचेरीतले बाबू जेवून उठले आणि ताट तिथंच टाकून निघाले. मला राहवेना.

"ओ भाऊ! ताट कोण उचलन?"

"म्हणजे?"

"घरी माय आहे, बायको आहे. इथं कोण आहे तुमचं? मालक तिकडे एकटा मरून राहिला. बाकीचे कोण घासन म्हणून मलेच विचारून गेला."

बाबू शेजाऱ्याकडे झुकून काहीतरी कुजबुजले. शेजारीही कुजबुजला. ते काय बोलले ते मला मागाहून कळलं. एक म्हणाला, "मालकाची सासू दिसते." दुसरा म्हणाला, "मंग उचल बाप्पा, तिच्या तोंडी कोण लागन?"

त्यांनी मुकाट्यानं ताट उचललं.

मला जोर चढला. दुसरा उठला, तिसरा उठला, प्रत्येकाला मागचं दार दाखवलं. मग उठले एक गुरुजी. ते ऐकेनात. म्हणाले, "बाई, इथं असा नियम नाही."

आता मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण भिंतीवर एक पाटी होती, मोठ्या मोठ्या अक्षरांची. खानावळीतली पाटी आणखी कशाची असणार?

"मंग ते काय लिवलं आहे? शिकलेले ना तुमी? वाचा ना!"

गुरुजींनी पाटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा पाटीकडे पाहिलं. आणि माझी नजर पाहून तेही ताट उचलून चालू लागले.

जेवून मी माझं ताट घेऊन मागं गेले, तर तिथं रांगच लागलेली! आणि काय ते घासणं! बोटाच्या टोकानं राख लावून राहिले, जसं देवाला गंध लावावं. माझा हात याच कामावर बसलेला. मी कुठली गप्प बसते? "शेंडी जोरानं फिरवा! मागूनही घासा!" एस.टी.चा ड्रायव्हर रडकुंडीला आला. "बाई, माझी गाडी सुटून राहिली वो!"

"तुमच्याबिगर कशी सुटन? घासा."

या सगळ्यात दोन कधी वाजले, कुणाला ठाऊक! माझ्या डोक्यातून शेठजी, गुंड, लग्नाची ऑर्डर, सगळं गेलं.

तेवढ्यात आतून एक धोतरवाले जेवून उठले आणि पाठमोरेच दाराकडे निघाले. ताट जागेवर.

मी ओरडले, "ओ धोतरवाले! लय मोठे लागून गेले का तुमी?"

ते वळले.

आमचे शेठजी!

वाटलं, हौदातच उडी मारावी. पण रांगेतली ओल्या हाताची माणसं आता थोडीच ऐकतात? बाबू म्हणाले, "शेठ, आमी घासलं, तुमी काहून नाही?" ड्रायव्हरनं तर त्यांचं ताट आणून हातातच दिलं.

शेठजी बसले. घासलं. ताट हौदाच्या कठड्यावर ठेवलं. आणि माझ्या तोंडातून, देवाशपथ सांगते, आपोआप निघालं,

"शेठजी, काठ राहिला."

तेवढ्यात नत्थूभाऊ पिठाचे हात घेऊन बाहेर आला. "हे काय होऊन राहिलं?"

बाबू म्हणाले, "तुमच्या सासूबाईनंच तं लावलं कामाले."

"माझी सासू? अगा, माझं तं लगनच नाही झालं!"

मग गुरुजींनी घसा साफ करून पाटी मोठ्यानं वाचून दाखवली: "जेवण झाल्यावर ताट जागेवरच ठेवावे."

असं हसले लोक, असं हसले! हसले नाहीत ते फक्त शेठजी. हात झटकत म्हणाले, "सव्वादोन झाले, पार्वताबाई. उद्यापासून येऊ नको." आणि गेले.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले. डोळ्यापुढे आमच्या ह्यांची खाट आणि तीन लेकरं.

नत्थूभाऊनं ताटांची चळत पाहिली. सगळी घासलेली. मग माझ्याजवळ उकिडवा बसला.

"बाई, माझं तं एकही गिऱ्हाईक ऐकत नाही. तुमी कचेरीले ताटं धुवाले लावले! उद्यापासून इथंच या. भांडे नका घासू, चूल अन् माणसं सांभाळा."

तशी मी त्या खानावळीत गेले ती राहिलेच. ह्यांचा पाय बरा झाल्यावर तेही तांदूळ-भाजी आणायला तिथंच लागले. लेकरं शाळेतून येऊन गरम भात खाऊ लागली, पोरगी मॅट्रिक झाली, आणि पुढं थोरल्यानं बसस्टँडजवळ आपली स्वतःची खानावळ टाकली. देवानं काही कमी ठेवलं नाही.

फक्त एक आहे. जिनं अर्ध्या भंडाऱ्याला आपलं ताट आपण घासायला लावलं, तिच्याच घरी आमचे हे आजही जेवून ताटातच हात धुतात, ढेकर देतात आणि म्हणतात, "पार्वता, उचल व."

आणि मी?

उचलते.