लाल मुंग्यांचं बिऱ्हाड

धाकटी शिलाईकाम करायची. हात असा, की तिच्या शिवणीत खोट काढायला जागा नसे. पण थोरल्या जावेने गल्लीभर सांगितलं, ही गिऱ्हाइकांचं कापड चोरते. झालं, मशीनवर धूळ बसली. नवरा म्हणाला, सोडून दे. धाकटी सोडून देणाऱ्यांतली नव्हती.

वाटण्यांत अंगणातली आंब्याची दोन झाडं दोघींना एकेक आली होती. थोरली शिडी लावून स्वतः चढायची आणि भरली टोपली मुद्दाम धाकटीच्या खिडकीवरून न्यायची. धाकटीचं झाड लाल मुंग्यांनी गच्च. फांदीला हात लावला की चावून जीव नकोसा करायच्या. त्यातच तिला उपाय सापडला.

थोरली बाजारात गेलेली बघून ती कात्री घेऊन झाडावर चढली. पानाला पान जोडून मुंग्यांनी केलेली घरटी तिने कापून उशीच्या अभ्र्यात भरली आणि थोरलीच्या फांद्यांत नेऊन अडकवली. आपल्या झाडावरच्या उरल्यासुरल्या मुंग्या धूर करून हाकलल्या. हात टम्म सुजले, पण काळजाला गारवा मिळाला. आता चढ म्हणावं.

मोहोर आला आणि धाकटीच्या झाडावर तुडतुडे तुटून पडले. मोहोर काळा पडून गळाला. पानं अळ्यांनी खाल्ली, चार कैऱ्या धरल्या त्या खारींनी. मुंग्या होत्या तोवर यातल्या एकाचीही टाप नव्हती. त्या किडे फस्त करायच्या, खारींना पिटाळायच्या. हे बाईच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पलीकडे थोरलीचं झाड आंब्यांनी वाकलं. तिने लांब काठीला जाळी बांधून ते खालूनच उतरवले आणि टोपली घेऊन धाकटीच्या दारात आली.

“घे. तुझ्याच मुंग्यांची मेहनत आहे.”

कसल्या मुंग्या, असं धाकटीने विचारून पाहिलं.

“मी कुठे गेले होते बाजारात? दाराआडून बघत होते. माझे वडील बागेत या मुंग्या मुद्दाम आणून सोडायचे. तुझ्याकडे मागायच्या कशा, हाच घोर होता मला. सुंठीवाचून खोकला गेला.”

ती गेल्यावर घरी आलेल्या नवऱ्याने एक आंबा संपवला, बोटं चाटली.

“वहिनी मनाच्या मोठ्या आहेत. तूच उगाच डूख धरून बसलीस.”

थोरलीचं खरं सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. धाकटीने दातओठ खात त्याला दुसरा आंबा कापून दिला.