कुलूपभाऊनं ओढून पाह्यलं

कुलूप दिसलं का कुलूपभाऊ ते ओढून पाहेच. मंग ते गोदामाचं असो का दुसऱ्याच्या सायकलचं. एकदा आम्ही सगळे रामटेकले गेलो, तं यानं देवळातल्या दानपेटीचं कुलूप ओढलं. पुजारी धावत आला. हा म्हणे, "पक्कं आहे महाराज, आता निवांत झोपा."

वाडीच्या ट्रान्सपोर्टमंधी तो कॉम्प्युटर पाहे, मी गेटवर बसो. माहा नवरा मालकाच्याच ट्रकवर मेला, म्हणून मालकानं मले तिथं बसवलं. गाडी आली का कॉम्प्युटरचं बटन दाबाचं, गेट उघडे. शाळा मी दोनच वर्षं पाह्यली. त्या बटनावर पोरी वाढवल्या.

मंग नवीन मशीन आलं. कुलूपभाऊनं जुने प्रोग्राम जसेच्या तसे त्याच्यात नेले. जुन्या मशीनमंधी हरेक प्रोग्रामच्या दारावर पाटी होती म्हणे, आत कोणाले सोडाचं त्याची. पाट्याबी नेल्या त्यानं. पण नवीन मशीन त्या पाट्या वाचतच नव्हतं! सारी दारं सताड उघडी. ड्रायव्हर लोकायले मोबाइलवर ड्युटीचं पान सापडलं. सकाळी पाहा तं सगळ्यायनं आपापली ड्युटी जवळच्या सावनेरची करून घेतली, दुपारी घरी जेवाले. कलकत्त्याले कोणीच नाई.

"जिंदगीत एकदाच ओढून नाई पाह्यलं वं मावशी," म्हणत तो कपाळ धरून बसला. मंग घाबरून त्यानं सगळंच बंद केलं. माहं बटनबी मेलं. गाड्यायची रांग अमरावती रोडवर गेली. मालक ओरडला, "या बुढीच्या जागी उद्या शिकलेला माणूस बसवतो!"

मी मनात म्हटलं, पोटापुरतं काम कुठंतरी भेटते. उठून माठ भरला.

कुलूपभाऊ माह्या खुर्चीत येऊन बसला. "मावशी, आता मी तुम्ही आहो," म्हणे. नवीन मशीनले समजन अशा पाट्या तो लिहाले लागला. पहिलं नाव माहं. बटन दाबलं, गेट उघडलं. मंग ड्रायव्हर बनून ड्युटीच्या पानात घुसाले पाहे. मशीन हाकलून देई, अन् हा टाळ्या वाजवे.

मालक आला. "काहून गा, मी मालक असून बाहेर?"

"तुमचं नाव शेवटी आहे साहेब. मावशी आत आहेत. काम सांगा, करून देतीन त्या."

मालकानं शिकलेल्या माणसाची गोष्ट मंग काढली नाई.

औंदा तो पुण्याले गेला. जायाच्या दिवशी त्यानं मशीनमधून आपलंच नाव काढलं, अन् सवयीनं आत घुसून पाह्यलं. मशीननं त्यालेबी हाकललं. "पक्कं आहे," म्हणत तो हासला. डोळे पुसत म्हणे, "वाडीत धूळ लय आहे."

त्याच्यासाठी मी बटन दाबलं. तो गेल्यावर गेट लागलं. मंग उठून ओढून पाह्यलं.