वसंतदादाच्या तक्त्यातला तिसरा रकाना

वसंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामला ऑफिसात होते. त्याला आता सहा आठवडे झाले. मनात पहिलं आलं ते हे, की आता सांगायचं राहूनच गेलं... आणि त्या विचाराची मला लाज वाटली. रडू नंतर आलं.

दादा माझा मावसभाऊ, दिल्लीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा. गुडगावात काचेच्या इमारती उठू लागल्या तसा जो तो त्याला 'कुठली भाषा शिकू?' विचारायला लागला. दादा दरवर्षी अभ्यासक्रमाच्या बैठकीआधी एक तक्ता करायचा. पहिल्या रकान्यात कॉलेजं काय शिकवतात, दुसऱ्यात नोकरीच्या जाहिराती काय मागतात. तिसरा त्याचा लाडका: कंपन्यांत खरोखर काम कशात चालतं. "जाहिरातीतली भाषा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातली उंची," तो म्हणायचा. "दोन इंच वाढवलेलीच असते." म्हणून ओळखीच्या सगळ्यांकडून तो एक कागद भरून घ्यायचा.

मी तेव्हा गुडगावातल्या एका कंपनीत नवीच लागले होते. कागदावर मी 'जावा' लिहिलं, तेव्हाची नवी भाषा. खरं तर २००० साल तोंडावर आलं म्हणून दिवसभर मी कोबॉल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करत बसायचे. पण माझ्या बरोबरीची मुलं जावाच्या गप्पा मारत, आणि आपण शिळं खातोय असं मला वाटे. दादाने कागद वाचला. "अच्छा, म्हणजे बिल्कुल नवी हवा आहे तुमच्याकडे," एवढंच म्हणाला. पुढच्या वर्षीही मी तेच लिहिलं. मग कळलं, की कॉलेजात कोबॉल ठेवायचं की काढायचं यावर वाद पेटलाय आणि दादा हाच तक्ता घेऊन भांडणार आहे. त्यात माझं खोटं 'जावा'ही होतं, तरी मी कागद बदलून दिला नाही. तेव्हा मी गुडगावात खोली घेऊन एकटी राहायचे आणि दर रविवारी दिल्लीतल्या द्वारकेला त्याच्याकडे जेवायला जायचे. थालीपिठावर लोणी घालत तो विचारायचा, "या आठवड्यात काय काय केलंस?" आणि मी भडाभडा सांगत सुटायचे. कोबॉल आणखी काही वर्षं अभ्यासक्रमात टिकलं. कसं, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या रविवारी वहिनीकडे गेले. ती चहा टाकत होती. तिला सगळं सांगून टाकलं.

वहिनी हसली. "ह्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं गं. जेवताना तुझं तारखांचं रडगाणं चालायचं ना, त्यावरून तक्त्यात तुला कोबॉलमध्येच धरायचे."

"म्हणजे त्यासाठी बोलवायचा होय मला?" मी विचारलं.

तिने गॅस बंद केला. "वेडी आहेस का? बाकी सगळ्यांच्या कागदांची खातरजमा ते फोनवरच करायचे. जेवायला फक्त तुला. मला म्हणायचे, पोरगी एकटी राहते, त्यात खोटं लिहून आलीय... तिला पोटभर वाढ."